पारूमावशींच्या गोठ्यात पडलेला सहा किलोचा दगड

पारूमावशींवर अन्याय झाला तो गेल्या बुधवारी, पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी. कान्हे स्टेशनच्या पलीकडच्या वाडीत त्या म्हशीची धार काढत होत्या. गोठ्याचा पत्रा फोडून दगड आला आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. वाडीच्या डोक्यावर दगडखाण आहे. खाणीचा मॅनेजर उजाडताच आला, "तपासायला पाठवतो" म्हणाला आणि दगड गोणीत घालून घेऊन गेला. दुपारी चारनंतर तलाठ्यांनी पंचनामा केला. त्यात लिहिलं होतं: उल्का पडून इजा.

कारण त्याच पहाटे मावळावरून खरोखर एक मोठी उल्का गेली होती. अर्ध्या चंद्राइतका उजेड पडला होता. निम्म्या तळेगावाने स्टेटसला ठेवली.

मी उल्का मोजते. हीच माझी नोकरी. आमचे कॅमेरे रात्रभर आकाश टिपतात, एक तळेगावात, एक लोणावळ्यात शाळेच्या छतावर. उल्का म्हणजे नुसता उजेड. तो पाडणारा खडा केवढा होता, हे आम्ही उजेडावरून काढतो. प्रत्येक फ्रेममध्ये उल्केची ओळखीच्या ताऱ्यांशी तुलना करायची, सगळ्या उजेडाची बेरीज करायची, त्यावरून ऊर्जा काढायची. मग लागतो वेग. तेवढाच उजेड पाडायला सावकाश खडा मोठा लागतो, वेगवान खडा छोटा पुरतो. वेग चौपट धरला की वजन सोळा पटीने उतरतं.

बुधवारी दुपारी बारालाच मॅनेजर आमच्या ऑफिसात हजर.

"मॅडम, सहाच्या आसपास बसतंय ना?"

"सहा काय?"

"किलो हो."

"अजून मोजलं नाही."

"मोजा की. घाई नाही. चारपर्यंत द्या."

मोजायच्या आधी याला सहा कुठून कळले? मला तेव्हाच खटकायला हवं होतं. दगड त्याच्याकडे होता. वजनकाटाही त्याच्याकडेच.

आमच्या ऑफिसच्या प्रमुख सरांना म्हटलं, एकाच कॅमेऱ्यावरून वेग निघत नाही, लोणावळ्याचं रेकॉर्डिंग पाहिजे. सर म्हणाले, "लोणावळ्यात धुकं होतं. वेग सेकंदाला पंधरा किलोमीटर धर."

"पंधराच का?"

"काहीतरी धरावं लागतंच ना! इथे रिपोर्ट लिहायचाय, प्रबंध नाही."

मी पंधरा धरले. उत्तर आलं सहा किलो. मी सही केली. ही चूक माझी, ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

संध्याकाळी मावशींना भेटायला गेले. हात प्लॅस्टरमध्ये, म्हैस शेजारीण बघत होती.

"तू ती आभाळवाली ना?" त्या म्हणाल्या. "दगुड आभाळातनं पडला म्हन्त्यात. मंग आदी धाडदिशी आवाज खाणीतनं कसा आला गं? मी अडानी हाय, भैरी न्हाई."

सहा किलोच्या रिपोर्टवर माझी सही होती.

सकाळी स्कूटर काढली आणि लोणावळा गाठला. शाळेच्या छतावर चढून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. धुकं? तारे मोजता येतील इतकं स्वच्छ आकाश. सर खोटं बोलले की न बघता बोलले, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, "मला तसं कळवलं होतं." कुणी, ते सांगत नाहीत.

दोन कॅमेऱ्यांवरून वेग निघाला सेकंदाला साठ किलोमीटर. हे आधीच सुचायला हवं होतं. एक्स्प्रेसवेवर किडे पुढच्या काचेवर आपटतात, मागच्या नाही. पहाटे आपण पृथ्वीच्या पुढच्या काचेवर असतो. खडे समोरून येतात, सुसाट. पहाटेच्या उल्केला पंधरा धरणं हा नवशिक्याचा घोटाळा.

सहा किलोचे पावणेचारशे ग्रॅम झाले. या हिशोबात दुप्पट-तिप्पट चूक होऊ शकते, म्हणून किलोभर समजा. तरी तो खडा ऐंशी किलोमीटर उंचीवरच विझलेला दोन्ही कॅमेऱ्यांत दिसतो. खाली काही आलंच नाही. आणि सहा किलो खरे मानले, तरी ते वजन जळण्याआधीचं. जमिनीवर पुन्हा बरोबर सहा किलो कसे उतरतील?

दुरुस्त रिपोर्ट घेऊन तलाठ्यांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, दगड आभाळातला नाही, हे पटलं. पण खाणीतला आहे, हे कोण सांगणार? अंधारात सुरुंग उडवायची परवानगीच नसते. खाणवाले म्हणतात, उडवलाच नाही. वाडीत विचारलं, तर सगळे झोपलेले."

सगळे झोपलेले! निम्मी वाडी खाणीवर कामाला जाते, म्हणून झोपलेली.

आज पंचनाम्यात उल्का कायम आहे. ती राहिली तर खाणीला कुणी जाब विचारणार नाही, आणि पुढचा दगड मनगटावरच थांबेल असं नाही. मी एवढंच शिकले: उत्तर आधी सांगून जो मोजायला लावतो, त्याला सही हवी असते.

माझ्या कॅमेऱ्यांना कान नाहीत. वाडीकरांनो, तुम्हाला आहेत. दूध घालायला, पहिली शिफ्ट गाठायला, पाणी भरायला तुम्ही त्या पहाटे उठला होता. कागद घ्या. आवाज किती वाजता ऐकला, कुठे उभे होता, ते लिहा. खाली पूर्ण नाव आणि सही. सोमवारी अकरा वाजता तो कागद घेऊन तलाठी कार्यालयात या. माझ्या हाती पाठवू नका. स्वतः या.