नावं बदलली आणि जनार्दनकाकांची ड्युटी गेली

मित्रांनो, कामावरून आल्यापासून जेवण जात नाहीये. इथे लिहून तरी बघते.

मी वडप्याच्या एका गोदामात हजेरीचं सॉफ्टवेअर सांभाळते. काल त्यातल्या 'हजर', 'रजा' अशा रकान्यांची नावं लिहायची पद्धत मी बदलली. आधी दोन इंग्रजी शब्द जोडून दुसऱ्याचं पहिलं अक्षर मोठं असायचं, आता मध्ये अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ. छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळी नावं एका झटक्यात बदलली.

गेटवर मुकादम ज्यात हजेरी बघतो तो टॅब मात्र जुनीच नावं शोधत राहिला. त्याला 'आजारपणाची रजा' सापडेना, म्हणून रजेवरची माणसं गैरहजर दिसू लागली.

शेलार गावचे जनार्दनकाका आमच्याकडे माल चढवतात. टायफॉइडमधून उठून ते आज सकाळी कामावर आले. मुकादमाने टॅब बघितला, न सांगता गैरहजर म्हणून त्यांना गेटवरूनच परत पाठवलं आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला.

काका माझ्याकडे आले. "ताई, मी सांगून गेलतो."

चूक लगेच सापडली. दुरुस्त करून मी मुकादमाकडे धावले. तो म्हणाला, "मॅडम, अब जगह भर गयी." मॅनेजर म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू."

काकांना सांगितलं की चूक माझी होती. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मंग मी खोटा न्हाय, येवढं तरी त्याला सांगा."

मी सांगितलं. मुकादम मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "ठीक है."

तुमच्या चुकीने कुणाचं काम गेलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच गेटातून तुम्ही आत कसे जाता?