चौकावरचं कापड

मोबाइलच्या टॉवरची राखण करून पोट भरणाऱ्या माणसाने मोबाइलवरच संशय घ्यावा, हे काही शोभत नाही. पण मी घेतो. मोखाड्याच्या पुढे एका टेकडीवर हा टॉवर आहे आणि त्याच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या खोलीत मी राहतो. माझं गाव तिकडे नांदेडकडे. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं शिक्षण लोकांकडून, आणि अलीकडे या फोनकडून. लोकांनी शिकवलेलं उपयोगी पडलं. फोनने शिकवलेलं अजून तपासून बघतोय.

एकदा बूट फाटले म्हणून जनरेटरजवळ उभा राहून स्वतःशीच बडबडलो, तर दुसऱ्या दिवशी फोनवर बुटांच्या जाहिराती. कोण ऐकत होतं? आमच्या गावाकडच्या ग्रुपवर सकाळी कुणीतरी धर्म बुडाल्याची बातमी टाकतं, दुपारी दुसरा देश बुडाल्याची, आणि रात्री दोघंही गुलाबाचं फूल टाकून झोपायला जातात. कुणी बघितलं, कुणी लिहिलं, पत्ता नसतो. पावसाळ्यात दाभोशाच्या धबधब्यावर शहरातली पोरं येतात आणि जाता-येता भातलावणीला वाकलेल्या बायांचं शूटिंग करतात. विचारत नाहीत. आता इंटरनेट आलं म्हणून इथल्या मुलांना निकाल बघायला जव्हारला जावं लागत नाही, हे मलाही कळतं. शिकलो असतो तर माझाही निकाल असाच आला असता. पण ज्या वाटेने निकाल येतो त्याच वाटेने आणखी काय काय येतं-जातं, त्यावर कुणाचा पहारा आहे? माझा तर फक्त बॅटऱ्यांवर.

टेकडीखालच्या पहिल्या घराने मला सांभाळलं. नवा होतो, तापाने फणफणलो होतो, तेव्हा त्या घरातली बाई नाचणीची पेज घेऊन चढून आली. "टावरवाला मेला तर टावर पण बंद पडंल," म्हणाली आणि हसली. तेव्हापासून माझं दोन वेळचं जेवण त्या घरात. मी तिला मावशी म्हणतो. आई म्हणत नाही. माझी आई हयात आहे आणि तिला फोनवरूनसुद्धा कळतं मी कुणाला काय म्हणतो ते. हे घर तुटलं तर इथे मला दुसरं कुणी नाही, ही धास्ती माझ्यासोबत रोज जेवायला बसते.

यंदाच्या उन्हाळ्यात मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. वारली घरातलं लग्न म्हणजे चौक आलाच. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात, लग्न लावणारी धवलेरी बाजूला बसून गाते, आणि चौक पुरा झाला की त्यावर कापड टाकतात. भगत येऊन देवांना बोलावणार, मग त्याच्या हातानेच ते कापड निघणार. तोवर कुणी बघायचं नाही. मला हे फार आवडलं होतं. एक तरी गोष्ट झाकलेली आहे, आणि कुणी डोकावत नाही.

चौकावर कापड पडलं त्या सकाळी मावशीने माझा फोन मागितला. तिचा मुलगा वापीला कारखान्यात. सुट्टी मिळाली नव्हती. तिच्या साध्या फोनमध्ये तोंड दिसत नाही. मी व्हिडिओ कॉल लावून दिला आणि मांडवाला पाला बांधायला गेलो. माझ्या बहिणीचं लग्न मी असंच बघितलं होतं, याच टेकडीवरून. ऐन अक्षतांच्या वेळी कुणाचं तरी डोकं मध्ये आलं. म्हणून असा फोन मी कधी नाकारत नाही.

दुपारी मावशीचा दीर आला. जव्हारला कचेरीत कारकून आहे. मांडवात शिरता शिरताच फोन वर धरून म्हणाला, "चौक छान निघालाय हां! आमच्या ग्रुपवर सकाळीच आला."

धवलेरीचं गाणं थांबलं. भिंतीवरचं कापड होतं तसंच होतं. फोनमध्ये मात्र चौक उघडा.

"कोणी काढला फोटो?" तिने विचारलं.

"फिरून फिरून आलाय. कोणी काढला ते फोन सांगत नाही."

पाड्यातला एक म्हातारा चटईवर बसला होता. "गावभर उघडा फिरला," तो म्हणाला, "आता भगत काय उघडंल? माझं डोस्कं?" कुणी हसलं नाही. नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबल्या. "हा टावरवाला. सकाळपासून इथंच हाय, मोठा फोन घेऊन."

मी फोन पुढे केला. "बघा, एक फोटो नाही."

"पुसला असंल. आमची पोरं रोज पुसतात."

मला तोवर कळून चुकलं होतं. सकाळी याच फोनमधून वापीला काय दिसलं असेल ते. मी एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो आणि मावशी अडकली असती, मुलीच्या मांडवात. नाही बोललो तर ते घर गेलं.  मी फोन परत खिशात घातला.

मावशी चुलीपाशी होती. हाताला भात तसाच, बाहेर आली. "त्याला काय विचारता? मी दाखवला. पोराला बहिणीचा चौक नाय दिसणार, म्हणून कोपरा उचलला. दाखवला, फोटो काढला नाय. घरातल्याला दाखवला."

दिराने वापीला फोन लावला. मुलाने आनंदाच्या भरात फोनच्या पडद्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला होता, तिथून तो ग्रुपवर गेला. मावशीला हे काही केल्या पटेना. "मी त्याला दिला कुठं?" हेच ती विचारत राहिली. दाखवणं आणि देऊन टाकणं यात तिच्या घरी फरक आहे. फोनच्या घरी नाही.

धवलेरी तंबाखू मळत होती. म्हणाली, "भिंतीवरचा झाकलेला हाय ना? मग फोनातला पण झाका."

"कसा?" कारकून म्हणाला. "पोराला पुसायला सांगतो."

"पुसलेला जातो कठं, तुला ठावं हाय?"

त्याला ठाऊक नव्हतं. टॉवर राखणाऱ्या मलाही नाही. मग मोठी टोपली आली. ज्याच्याकडे फोन असेल त्याने त्यात टाकायचा, वर कापड, आणि चौक उघडेल तेव्हाच टोपली उघडायची.

"माझ्या साहेबांचा फोन आला तर?"

"आधी देव येतो का तुझा सायब, बघू की."

या वेळी सगळे हसले. मी मागेच उभा होतो. माझा फोन मागतील की मलाच वाट दाखवतील, कळत नव्हतं.

"ए टावरवाल्या," धवलेरी ओरडली, "टाक तुझा. तू काय पाहुणा हाय?"

टाकला. म्हाताऱ्याने माझ्याकडे न बघता चटईवर सरकून जागा केली. मी बसलो.

भगत आला, घुमला, चौकावरचं कापड निघालं. टोपलीवरचंही निघालं आणि कोंडलेले फोन एकदम वाजू लागले. मावशीने त्यातून माझाच उचलून माझ्या हातात दिला, "लाव." वापीचा मुलगा मशीनच्या आवाजात काहीतरी ओरडत होता. तिने फोन चौकासमोर धरला, पुरता, चारी कोपरे दिसतील असा. "आता काढ फोटो! आता काढ!"

संध्याकाळी खोलीवर आलो तर फोनवर जाहिरात: लग्नाच्या फोटोंसाठी संपर्क करा. मी तर काहीच शोधलं नव्हतं. कापडाखालूनही त्याने ऐकलं असणार. तेव्हापासून मावशीकडे जेवायला गेलो की फोन दाराजवळच्या टोपलीत टाकतो, वर फडकं घालतो, आणि मग ताटावर बसतो.