तोंडाचा वास

सौंसरजवळच्या ज्या कारखान्यात माझे मिस्टर सुपरवायझर होते तो बंद पडला, तेव्हा सुरुवातीला त्यांनी घराला रंग दिला, कूलर दुरुस्त केला, शेजाऱ्यांचे पंखेही करून दिले. मग एकदम गप्प झाले. जेवण पूर्वीइतकंच, पण अंग उतरत चाललं. दुपारी "फिरून येतो" म्हणून निघायचे ते दिवेलागणीलाच यायचे.

आम्ही बौद्ध. रोजच्या वंदनेत दारू न पिण्याचं शील ते मोठ्यानं म्हणायचे आणि पाळायचेही. म्हणून एका संध्याकाळी त्यांच्या तोंडाला आंबूस-गोड वास आला तेव्हा मी आधी स्वतःच्या नाकावरच शंका घेतली. सडायला आलेल्या संत्र्याचा असतो तसा वास. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जवळ गेले. होताच.

"बाहेर काय खाल्लं?"

"काई नाही. तू काय पोलीस हायेस?"

मी खिसे तपासले, स्कूटरची डिक्की पाहिली. शेवटी एका दुपारी मागेमागे गेले. स्टेशनच्या अगदी टोकाच्या बाकावर ते एकटे बसले होते. पिशवीतून बाटली काढून घटाघट प्यायले. थोड्या वेळानं परत तेच. बाटलीत काय आहे ते लांबून दिसेना, आणि पुढे जाऊन पाहायची माझी हिंमत होईना.

पांढुर्ण्याला मोठ्या भावाला फोन केला. तो आला, बोलता बोलता त्यांना खेटून बसला आणि अंगणात येऊन म्हणाला, "बाई, जवाई पिऊन राहिले. चेहरा पाह्य ना कसा सुकला."

त्यांनाही आमचा संशय कळला असावा. मी फोनवर बोलू लागले की दाराआड येऊन उभे राहायचे. "माह्याच गोष्टी सांगून राहिली ना?"

मग एका सकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या. धाप लागली, बोलणं अडखळायला लागलं. गल्लीतला ऑटोवाला त्यांच्यावर वाकला आणि वास येताच मागे सरला. "वहिनी, यायची नशा उतरू द्या ना आधी. गाडी खराब होईन." दुसरा ऑटो मिळेपर्यंत सगळी गल्ली ओट्यांवर उभी राहून पाहत होती.

सरकारी दवाखान्यात मीही तेच सांगितलं, पिऊन आहेत म्हणून. डॉक्टर मॅडमनी बोटाला सुई टोचली आणि विचारलं, "शुगर आहे का यांना? इन्शुलिन घेतात का?"

"हो, कित्येक वर्षांपासून. रोज सकाळी खोलीत जाऊन घेतात."

"नाही घेत. इन्शुलिनवाचून साखर फार वाढली की तोंडाला असाच वास येतो. ही दारू नाही."

तिथून नागपूरला नेलं. नीट शुद्धीवर आल्यावर त्यांनी सांगितलं. इन्शुलिन कारखान्याच्या विमा दवाखान्यातून मिळायचं. नोकरीसोबत विम्याचं कार्डही गेलं. मग त्यांनी डोस निम्मा केला, त्याचाही निम्मा केला, शेवटी सोडूनच दिला.

"मले कायले नाही सांगितलं?"

"कमावत नाही त्यानं आणखी काय काय मागावं?"

"अन् स्टेशनवर काय पेत होते?"

"पाणी. तहान लय लागे. घरी एवढं पेलो असतो तं तू समजली असती."

आता ते पांढुर्ण्याला संत्र्याच्या पॅकिंगवर जातात. इन्शुलिन सरकारी दवाखान्यातून आणतो.

मागच्या महिन्यात कळलं, कारखान्यात त्यांच्याच पाळीत असलेला लोधीखेड्याचा एक जण हल्ली चक्कर येऊन कुठंही पडतो, आणि लोक त्यालाही बेवडा म्हणतात. मी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं दार अर्धवटच उघडलं.

"कोनं पाठवलं तुम्हाले?"

"कोनी नाही. तुमचे मालक गोळ्या कोणत्या घ्यायचे? अजून घेतात का? तुमच्यासमोर?"

गल्लीत दोन्हीकडे नजर टाकून तिनं मला आत ओढलं. "बसा. पण ते आले तं मले भेटाले आली, असंच सांगजा."