रोटाच्या मुठी

आमच्या गावाला सांगण्यासारखा इतिहास नाही. किल्ला नाही, लढाई झाली नाही, मोठा माणूस कोणी निपजला नाही. जळगाव-धुळे रस्त्याला एरंडोलच्या पुढे एका फाट्यावर बसमधून उतरायचं आणि दोन मैल चालायचं. एवढी चाल करून मुद्दाम यावं असं तिथे काही नव्हतं. जुनी माणसं सांगत की आमचा कोणी पूर्वज तापीकाठचं घर भावांशी भांडून सोडून इथे आला. त्याचा विस्तार म्हणजे आमचं गाव. सुताराचं आणि न्हाव्याचं घर सोडलं तर बाकी सगळे भाऊबंद, एकाच आडनावाचे.

स्वभाव म्हणाल तर मोजून वागणारा. शेजारच्या गावचे लोक टोमणा मारत, "तुमना गावमा पाव्हनाले पानी देतस, पन पह्यले इचारतस, आर्धा तांब्या का पुरा?" आम्हाला त्याचा राग येत नसे. विचारलेलं काय वाईट, असंच आम्हाला वाटे.

ह्या गावाची खरी शिरगणती श्रावणात व्हायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी मांडतात आणि सोमवारी नदीवर नेऊन बोळवतात. तिच्यासाठी जे गहू दळायचे त्याला रोट म्हणतात. आमच्या भाऊकीत घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, असा हिशोब होता. तान्ह्या मुलाचीही मूठ धरायची. बायकांची मूठ नसे, दळायचं मात्र त्यांनीच. त्या पिठाच्या पुरणपोळ्या फक्त भाऊबंदांनी खायच्या, सुताराच्या पोरालाही द्यायच्या नाहीत, कोंडासुद्धा टाकायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत सगळं संपवायचं. मी लहान असताना गावात त्रेसष्ट मुठी होत्या. शनिवारी नानांच्या ओट्यावर नावं पुकारली जात आणि ज्याचा त्याचा माणूस पुढे येऊन सुपात मूठ टाकी. नाना माझे चुलते, भाऊकीतले सगळ्यात वडील. त्यांचा तो मानच होता.

साठ सालानंतर माणसं बाहेर पडू लागली. कोणी भुसावळला, कोणी दीपनगरच्या वीजकेंद्रावर, आणि बरेचसे जळगावला डाळमिलमध्ये. मीही त्यांच्यातच. एका डाळमिलमध्ये हिशोबनीस म्हणून लागलो आणि जळगावातच बिऱ्हाड केलं. नानांनी मात्र एकही मूठ कमी केली नाही. गेलेल्याचं नाव पुकारत आणि कोणी पुढे आलं नाही की स्वतःच्या पोत्यातून त्याची मूठ टाकत. बाहेर कोणाला मुलगा झाला की त्याचीही. त्यामुळे सुपातलं गाव वाढत होतं आणि गल्लीतलं घटत होतं. सत्तर सालाच्या सुमारास मुठी एकाहत्तर झाल्या होत्या. रात्री दिवा लागणारी घरं मात्र निम्मी राहिली होती.

रविवारी आम्ही बसने जायचो, जेवायचो आणि सोमवारी बोळवण करून परत. उरलेलं पीठ पौर्णिमेपर्यंत गावात राहिलेल्यांच्या माथी. नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. ती एकदा वैतागून म्हणाली, "त्या जळगावमा चहा पितस, आन त्यासना वाटाना रोट आम्ही खाऊत का? पोट शे का कोठी?"

नाना म्हणाले, "गाव सोडं म्हनजे मरी गया का तो? आपलाच शे. टाक मूठ."

पुढे एका कानबाईच्या रविवारी, ताटं मांडलेली असताना, दीपनगरहून एकजण आला. आमच्या भाऊकीतला तिथे नोकरीला असलेला एक माणूस त्या दिवशी पहाटे तापाने गेला होता. रोटाच्या दिवशी भाऊबंदात कोणी गेलं की रोट खंडित. पुन्हा एखाद्या वर्षी त्याच रविवारी भाऊबंदात मूल जन्माला आलं किंवा गाय व्याली, तरच सुरू करायचे. तोवर कानबाई बसवायची नाही.

ओट्यावर कुजबुज झाली. गेलेला माणूस कित्येक वर्षांत गावाकडे फिरकला नव्हता. त्याला आपल्यात धरलं नाही तर सुतकही नाही आणि रोटही मोडत नाहीत. एकाने तसं बोलून दाखवलं.

नाना म्हणाले, "काल त्यानी मूठ मीच टाकी. आज तो आपला नही, आसं कोना तोंडघाई सांगू?"

पुरणपोळ्या खड्डा करून पुरल्या. आम्ही बायकामुलांसह उपाशीच फाट्यावर आलो.

त्यानंतर नानांना दुसरा ध्यास राहिला नाही. गावात बाळंत होण्याच्या वयाची सून एकही उरली नव्हती, सगळ्या नवऱ्यांमागे गेल्या होत्या. तेव्हा भिस्त गाईवर. ते मला म्हणाले, "भाऊ, तू हिशोबना मानूस. कव्हय फळाले पाह्यजे, सांग." गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते असं धरतात. मी पंचांग काढून बसलो. अधिक महिना नसेल तर दिवाळीच्या पाडव्याच्या आसपास गाय गाभण राहिली पाहिजे, असं निघालं. नानांनी तसं केलं. गाय व्याली ती बुधवारी, चार दिवस आधी. सुतार गोठ्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "नाना, तुमनी गाय तुमनापेक्षा उतावळी शे." सगळे हसले. नाना हसले नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात गावात उरलेली घरंही एकेक करून बंद झाली. ती गाय चाऱ्याच्या छावणीवर गेली, ती तिथेच मेली.

दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. कानबाईच्याच रविवारी सकाळी जळगावच्या दवाखान्यात माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला. मी चहासुद्धा न घेता बस पकडली.

"नाना, पोऱ्या झाया. आज."

"आज? इतवारले?"

"हा. दिन निंघावर."

त्यांनी मला तीनदा विचारलं. अक्का आतून बाहेर आली, माझा हात धरून रडली आणि म्हणाली, "सुटनात रे बाबा रोट!"

रोट सुटले, म्हणजे पुन्हा सुरू करायला मोकळे झाले, पण त्या वर्षी वेळ निघून गेली होती. पुढच्या श्रावणात सगळ्यांना घेऊन ये, असं नानांनी मला बजावलं. मी जळगावात सायकलवर घरोघर गेलो. कोणी उद्धटपणे बोललं नाही, सगळ्यांनी बसायला पाट दिला. एका घरी कळलं ते मग सगळीकडेच कळलं. गावची कानबाई बंद झाल्यावर ह्या लोकांनी भुसावळ-दीपनगरच्या भाऊबंदांना धरून जळगावातच बसवायला सुरुवात केली होती. खंडित झाले ते नानांच्या घरचे, आपलं नवं मांडलं, असं त्यांचं म्हणणं. मला सांगितलं नव्हतं, कारण मी नानांच्या कानावर घातलं असतं.

"नानाले सांग," एक चुलतभाऊ म्हणाला, "आमनी मूठ आम्ही आठेच टाकतस."

एका माणसाची मूठ एकाच सुपात पडते. ह्यावर वाद घालायला जागा नव्हती. मी भावाकडे गेलो. त्याचा मुलगा भिंत धरून उभा राहायला लागला होता. भावजय म्हणाली, "भाऊजी, इथलेच सगळे ह्याच्या बारशाला आले. पहिली मूठ इथेच टाकायची ठरलीय."

शनिवारी मी माझ्या दोन मुलांना घेऊन गावी गेलो. नानांनी ओटा सारवून घेतला होता, पोतं बाहेर काढलं होतं. मी सांगितलं. नानांनी सूप जवळ ओढलं.

"ज्यानामुये सुटनात, त्या पोऱ्यानी बी?"

"हा नाना."

त्यांनी नावं पुकारली नाहीत. स्वतःची, गावातच राहिलेल्या त्यांच्या धाकट्या भावाची म्हणजे माझ्या धाकट्या काकांची, माझी आणि माझ्या मुलांची अशा पाच मुठी टाकल्या आणि पोत्याचं तोंड बांधलं. अक्काने जात्यावर बसकण मारली आणि लगेच उठली. दळायला तेवढंच होतं. रविवारी दुपारीच रोट संपले.

पुढच्या श्रावणाच्या तोंडावर मी गावी भेटून परत निघालो, तेव्हा नाना स्वतः फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. त्यांचा धाकटा भाऊ उन्हाळ्यात मुलाकडे धुळ्याला राहायला गेला होता. बस दिसली तेव्हा त्यांनी धोतराच्या सोग्यातले गहू माझ्या रुमालात ओतले.

"हाई मनी मूठ. तठेच टाकी दे."

मी म्हणालो, "नाना, तुम्ही असताना गावचं..."

"आते आठे कोन शे? मोज अन् सांग."

मी जन्मभर आकडे लिहिणारा माणूस. मोजायला मूठ एकच होती आणि ती माझ्या रुमालात होती. मी रुमालाला गाठ मारली आणि बसमध्ये चढलो.