दाणे नाहीत, फक्त तेल

वांगी भाजल्याचा वास आला की मला शिंदखेड्याजवळचं ते शेत आठवतं. शेंगदाण्याच्या ॲलर्जीने एकदा माझा घसा बंद झाला होता, आणि त्यानंतर भीतीने मी घरच्या डब्याशिवाय काही खात नव्हते. नातेवाईक म्हणायचे, ‘नखरे आहेत पोरीचे.’ माणूस गुदमरतो आणि यांना तो नखरा दिसतो. धुळ्याच्या समुपदेशक बाई मात्र म्हणाल्या, ‘भीती खरी आहे. पण चारचौघांत विचारायला शीक, आणि उत्तर पटलं तरच खा.’ म्हणून मी त्या शेतातल्या भरीत पार्टीला गेले, खिशात ॲलर्जीचं इंजेक्शन आणि पिशवीत माझी ताटली घेऊन. कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला होता, केळीच्या पानांवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या पडत होत्या. भरीत करणाऱ्या अक्कांना मी विचारलं, ‘यात शेंगदाणे आहेत का?’ ‘दाना नही शेतस बेटा, खाली तेल शे.’ सगळे हसले. मी म्हटलं, ‘अक्का, शेंगदाण्याच्या त्या तेलानेही माझा जीव जाऊ शकतो.’ हसणं थांबलं. अक्कांनी साबणाने हात धुतले, जाळातून नवं वांगं ओढलं, माझ्याच ताटलीत सोललं आणि वर नुसतं मीठ टाकलं. ‘आते खाय. अन् आसंच इचारत जाय, लाजू नको.’ पहिला घास गिळायला फार वेळ लागला, दुसरा सहज गेला. आता मी शाळांमधून मुलांना हेच सांगत फिरते, आणि लग्नात आचाऱ्याला तेल कोणतं ते पंगतीसमोर, मोठ्याने विचारते.