मातीचे चार सिंह

आमच्या समोर राहणाऱ्या चित्रकलेच्या बाई वांगंसुद्धा चहूबाजूंनी फिरवून बघायच्या. “पुढून सगळेच चांगले दिसतात,” म्हणायच्या. भाजीवाला वैतागायचा, पण भरताची चांगली वांगी त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेलच.

बाई मूळच्या शिंदखेड्याच्या. नोकरीसाठी फैजपूरला आल्या आणि एकट्याच राहिल्या. शाळेत पुस्तकी मराठी बोलायच्या. माया आली की अहिराणीवर घसरायच्या.

माझ्या लेकीला जन्मापासून दिसत नाही. ती बाईंच्याच शाळेत होती. एकदा नागरिकशास्त्राच्या तासाला सगळ्यांना देशाची राजमुद्रा काढायला सांगितली. पोरं रंगवत बसली आणि ही हाताची घडी घालून. घरी येऊन म्हणाली, “आता मी शाळेत जाणार नाही.” समजावलं, रागावले, काही उपयोग झाला नाही. शेवटी ओट्यावर बाईंजवळ बसून रडले. त्या एवढंच म्हणाल्या, “बरं.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात चिखल सुरू झाला. पहिल्या खेपेला सिंह वाळताना तडकले. दुसऱ्या खेपेला बाईच खो खो हसल्या, “हे तर कुत्रे झाले.” जमले तेव्हा लेकीला हाक मारली. “हात लाव ना बेटा, बठ्ठं समजी जाई, सगळं कळेल.”

तिची बोटं आयाळीवरून फिरत मागे गेली आणि थांबली. “बाई, पोरं तर तीन म्हणत होती. हे चार आहेत.”

“चौथा चित्रात झाकला जातो.”

“पाठ करून का बसलेत? भांडलेत?”

“नाही गं. ज्याचा भरवसा असतो, त्याच्याकडेच पाठ करता येते.”

मग बाईंनी सारनाथचा सम्राट अशोकाचा स्तंभ सांगितला. सिंहांच्या पायाखालचं चक्र, बैल, घोडा, आणि चित्रात न दिसणारा हत्तीही तिच्या बोटांना दाखवला. तळाशी ‘सत्यमेव जयते’ उठावात होतं. ब्रेल वाचणारी माझी पोर ती अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवत राहिली.

सोमवारी ती सिंह घेऊन शाळेत गेली. बाईंनी वर्गाला डोळे मिटायला लावले आणि सिंह कसे बसलेत ते माझ्या लेकीने सांगितलं. त्यानंतर शाळा सोडायचं नाव तिने काढलं नाही. आज ती जळगावला इतिहास शिकवते. हे बाईंचं देणं आहे, आणि ते मी कुणालाही सांगते.

निवृत्तीनंतर बाई शिंदखेड्याला भावाकडे गेल्या. मागच्या हिवाळ्यात तिथेच वारल्या. आम्ही दोघी गेलो. लेकीने भावाला विचारलं, “मामा, बाईंच्या चेहऱ्याला हात लावू का? कधी लावलाच नाही.”

ते म्हणाले, “लाव, बेटा.”

कपाळ, भुवया, गाल. नाकापाशी बोटं थांबली.

“आई, चष्म्याने इथे दोन खड्डे पडलेत,” ती हळूच म्हणाली आणि बराच वेळ तिने बोटं तिथेच ठेवली.