अर्ध्या उजेडातला नवरदेव

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ऐकता ऐकता अंगावर सांडून घ्याल. माझ्या सोयरिकीच्या फोटोचा घोळ सांगतोय. आणि घोळ घालायला दुसरं कुणी नव्हतं हो, मी एकटाच पुरेसा होतो!

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. पिंपरीला एक नवा कारखाना निघाला होता, तिथं मी स्टोअरमध्ये चिकटलो होतो. राहायला पुनावळ्याला, मामाकडे. मामानं निघोज्याच्या एका शेतकऱ्याची मुलगी सुचवली, इंदू. तिला मी आधीच चाकणच्या बाजारात पाहिलं होतं. एका मारक्या बैलाला ती दटावत होती आणि बैल मान खाली घालून मुकाट ऐकत होता! तेव्हाच मनात म्हटलं, लग्न करीन तर हिच्याशीच.

तिच्या वडिलांनी, धोंडिबा आबांनी, आधी फोटो मागवला. आता स्थळाचा फोटो तेव्हा कसा असायचा? मागे रंगवलेला पडदा, शेजारी फुलदाणी, खुर्चीत नवरामुलगा ताठ, घड्याळ दिसावं म्हणून बाही वर सरकवलेली आणि दोन्ही पंजे गुडघ्यांवर पसरलेले. पण मी नुकताच पुण्यात फोटोंचं प्रदर्शन पाहून आलो होतो ना! माझ्या अंगात कला शिरली होती.

चिंचवडच्या स्टुडिओवाल्या भाऊंनी नेहमीप्रमाणे खुर्ची मांडली. मी म्हटलं, "भाऊ, तो पडदा काढा, एक दिवा बंद करा. साध्या फोटोत माणूस नुसता दिसतो. कलात्मक चित्रात तो बघणाऱ्याला सुचला पाहिजे."

भाऊंनी परोपरीनं समजावलं, की बाबा रे, मुलीकडची माणसं हात बघतात, डोळे बघतात, कान बघतात. पण मी ऐकतोय कसला! अर्धा चेहरा अंधारात, डावा हात कोटात खुपसलेला, नजर दूर कुठंतरी लागलेली. फोटो हातात आला आणि मी स्वतःच्याच प्रेमात पडलो. मामानं तो उलटसुलट करून पाहिला आणि उरलेला अर्धा कधी मिळणार, असं विचारलं. त्याला कलेतलं काय कळणार, म्हणून मी तिकडं लक्षच दिलं नाही.

फोटो निघोज्याला गेला आणि लगोलग आबांचा सांगावा आला, मुलाला घेऊन या. बघा, आहे की नाही जादू? मी तोच कोट चढवला आणि मामाबरोबर निघालो.

आता खरी अक्कल ऐका. फोटोतल्यासारखंच दिसावं म्हणून मी ओसरीवर मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यात बसलो. तसाच तिरका, तसाच हात कोटात! आबांनी डाव्या बाजूनं पाण्याचा तांब्या दिला, मी उजव्या हातानं घेतला. शेंगा पुढं केल्या, मी एका हातानं दाताखाली धरून फोडल्या. मग आबा उठून माझ्या डावीकडं येऊन बसले. मी लगेच मान पलीकडं फिरवली. मला वाटलं, म्हातारा रसिक दिसतोय, सगळ्या बाजूंनी बघतोय. मला चेवच आला. म्हटलं, आबा, जे झाकलेलं असतं त्यातच खरी गंमत असते, माणसानं सगळंच दाखवू नये.

झालं! आबांचा चेहरा उतरला. पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं.

"पाव्हणं, खरं सांगा. मशीनीत किती बोटं गेली?"

मामानं कपाळावर हात मारला तेव्हा कुठं उजेड पडला. कारखान्यातला नवरा, फोटोत हात गायब, अर्धं तोंड अंधारात! अख्ख्या निघोज्यानं ठरवून टाकलं होतं, की मशीननं माझी बोटं खाल्ली आणि लोखंडाचा कीस उडून एक डोळाही गेला. अहो, मी स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट देणारा माणूस! मशीनला कधी हातसुद्धा लावला नव्हता.

कलेपायी मुलगी हातची जाणार, असं दिसायला लागलं. मी कोटातला हात उपसला आणि दोन्ही पंजे आबांच्या नाकासमोर धरले. त्यांनी एकेक बोट ओढून पाहिलं. मग माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, बैलबाजारात वळवतात तसं.

"समदं जागच्या जागी हाय की. मग झाकलं कशापायी?"

"आबा, ती कला आहे. बघणाऱ्याला काहीतरी सुचावं म्हणून."

"लई सुचलं. झोप उडाली आमची."

एवढं म्हणून त्यांनी इंदूला हाक मारली. त्यांचं समाधान झालं होतं, पण मुलीनं नको म्हटलं तर ते पुढं जाणार नव्हते. ती चहा घेऊन आली, मला एकदा नीट निरखून आत गेली. आईनं तिला आत विचारलं, मुलगा पसंत आहे का. मी कान टवकारून बसलो. माझ्या फोटोनं निदान तिला तरी भुरळ घातली असेल, एवढीच आशा उरली होती.

"व्हय, पसंत हाय," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

पण ती तेवढ्यावर थांबते कुठं!

"फोटू बघून वाटलं व्हतं, झाकलेल्या अर्ध्यात काय तरी देखणं आसंल. ते बी ह्या अर्ध्यावानीच निघालं."